‘शक्तिमान’ परत आणायचा, पण कुणासाठी? चाहत्यांचा वाद नेमका कुठे अडलाय?

मुळशीत, पौडजवळच्या आमच्या घरी गणपतीत सगळे जमले की एका विषयावर हमखास खडाजंगी होते. चाळिशीला आलेला मामा म्हणतो, "शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना. दुसरा कुणी नको." कॉलेजला जाणारी मावसबहीण त्याला चिडवते, "मामा, तुझंही वय झालं, त्यांचंही झालं. आता रणवीर सिंगला करू दे की." मग दोन गट पडतात, आवाज चढतात, चहा गार होतो.

यंदा या भांडणात सात वर्षांच्या भाच्याने तोंड घातलं. त्याने विचारलं, "शक्तिमान कोण?"

त्याला स्पायडरमॅनचे तिन्ही नट ओळखता येतात. शक्तिमान मात्र ठाऊक नाही. घरात क्षणभर शांतता पसरली आणि मला वाटलं, सगळ्या वादाचं मूळ याच प्रश्नात आहे.

वाद सुरू कुठून झाला?

‘शक्तिमान’ ही मालिका १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. सुरुवातीला ती शनिवारी लागायची, नंतर रविवारी दुपारी. ‘महाभारत’मधले भीष्म म्हणून घराघरात पोहोचलेले मुकेश खन्ना यात शक्तिमान होते आणि मालिकेचे निर्मातेही तेच. वर्तमानपत्रातला वेंधळा फोटोग्राफर गंगाधर गरागरा फिरायचा आणि शक्तिमान व्हायचा. समोर अंधाराचा सम्राट तमराज किल्विष.

मालिका संपल्यावरही शक्तिमानला परत आणण्याचे प्रयत्न झाले. २०११ मध्ये ॲनिमेशन मालिका आली, २०१३ मध्ये टेलिफिल्म आली. दोन्ही फार कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने जुने भाग पुन्हा दाखवले आणि आठवणींना उजाळा मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर तीन सिनेमे काढण्याची घोषणा केली. पुढे रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं. मार्च २०२४ मध्ये खन्ना यांनी त्याला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वयाच्या ६६व्या वर्षी ते स्वतःच तो पोशाख घालून एका टीझरमध्ये दिसले. काही चाहत्यांचे डोळे पाणावले, काहींनी थट्टा केली.

रीबूट म्हणजे काय?

सीक्वेल म्हणजे कथा पुढे नेणं. रीमेक म्हणजे तीच कथा नव्याने करणं. रीबूटमध्ये पात्र तेच राहतं, पण आधीचा हिशेब मिटवून पाटी कोरी केली जाते. मोबाईल अडकला की आपण तो बंद करून चालू करतो, तसंच.

हॉलिवूडमध्ये हे सारखं चालू असतं. १९९७ मध्ये, म्हणजे शक्तिमान आला त्याच वर्षी, ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ची इतकी खिल्ली उडाली की पुढची आठ वर्षं बॅटमॅनचा नवा सिनेमा आला नाही. २००५ मध्ये ख्रिस्तोफर नोलनने ‘बॅटमॅन बिगिन्स’ काढला आणि गडी पुन्हा उभा राहिला. स्पायडरमॅनचं तर २००२ पासून पंधरा वर्षांत तीनदा नव्याने बस्तान बसवलं गेलं.

या साऱ्यातून निर्माते एक गोष्ट शिकले. प्रेक्षकाला माहीत असलेली उगमकथा परत परत सांगू नये. स्पायडरमॅनच्या काकांचा मृत्यू पहिल्या दोन्ही वेळी दाखवला होता, २०१७ च्या सिनेमात तो टाळला. २०२५ चा ‘सुपरमॅन’ही थेट मध्यातूनच सुरू होतो.

शक्तिमानची पंचाईत इथेच होते. माझ्या मामाला त्याचा उगम पाठ आहे. भाच्याला नावही माहीत नाही. एकच सिनेमा दोघांना कसा पुरणार?

चाहते कशावरून भांडतायत?

पहिला मुद्दा अर्थातच नटाचा. पण हे भांडण दिसतं तेवढं उथळ नाही. शक्तिमान आधी मुलांचा शिक्षक आहे आणि नंतर सुपरहिरो, ही खन्ना यांची भूमिका कायम राहिली आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी तो मुलांशी थेट बोलायचा. दात घासा, खोटं बोलू नका, मोठ्यांचं ऐका. असं सांगणाऱ्याची पडद्याबाहेरची प्रतिमाही तशीच हवी, असं एका गटाला वाटतं. दुसरा गट म्हणतो, नटाचं काम अभिनय करणं. पडद्यावर तो काय उभं करतो तेवढं बघा.

दुसरा मुद्दा शक्तीचा. शक्तिमानला कोळी चावला नव्हता की तो परग्रहावरून आला नव्हता. पंचमहाभूतं, कुंडलिनी आणि सात चक्रं यांतून त्याची ताकद येते. काहींना हेच त्याचं वेगळेपण वाटतं. हे काढलं तर उरलेला शक्तिमान सुपरमॅनची नक्कल ठरेल, असं ते म्हणतात. इतरांना यातलं बरंच आता जुनाट वाटतं.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, पण त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. मालिका चालू असताना, शक्तिमान येऊन वाचवेल या विश्वासाने मुलांनी गच्चीवरून उड्या मारल्याच्या, स्वतःला पेटवून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. मालिका त्यामुळे बंद पडली, हे खन्ना नाकारतात. दूरदर्शनला द्यावं लागणारं वाढतं शुल्क हे कारण ते देतात. पण असलं धाडस करू नका, हे शक्तिमानला पडद्यावरून मुलांना बजावून सांगावं लागलं होतं. इतका टोकाचा भरवसा मुलं ज्याच्यावर ठेवतात, तो नायक पुन्हा बनवताना पोशाखाच्या रंगापेक्षा मोठी जबाबदारी डोक्यावर येते.

पुण्याजवळचं एक उदाहरण

जुना नायक नव्या काळात आणायचा कसा, याचा एक प्रयोग मराठीत होऊन गेलाय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुपरहिरो नव्हता. फुरसुंगीचा, सायकलवरून भटकणारा शाळकरी पोरगा. पण तीन पिढ्यांसाठी तो कुठल्याही सुपरहिरोपेक्षा कमी नव्हता.

२०१७ मध्ये आदित्य सरपोतदारने त्यावर सिनेमा काढला. अमेय वाघचा बनेश फेणे शाळकरी राहिला नाही, तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. पुस्तकं वाचून मोठे झालेले काही वाचक यावर नाराज होते. ‘आमचा बन्या एवढा मोठा कसा?’ हा त्यांचा सवाल होता. पण बन्याची चौकशी करण्याची खोड, अन्याय दिसला की गप्प न बसणं आणि तोंडातलं ‘ट्टॉक’ तसंच ठेवलं होतं. दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भागवतच सिनेमातलं एक पात्र म्हणून आले.

सर्वांत महत्त्वाचा बदल गुन्ह्यात होता. बन्यासमोर जुने चोर-दरोडेखोर ठेवले नाहीत, तर परीक्षांचा काळा धंदा ठेवला. क्लासची फी भरणाऱ्या प्रत्येक घराला ती भीती कळत होती.

वय, कपडे, वाहन बदललं तरी चालतं, नायकाचा स्वभाव बदलून चालत नाही आणि खलनायक मात्र आजचा लागतो, हे या सिनेमातून दिसतं.

किल्विष मुळशीत आला तर?

आता हाच नियम शक्तिमानला लावून बघू. किल्विष म्हणजे अंधार. पण आज अंधार कशाला म्हणायचं?

आमच्या तालुक्यात याचं उत्तर सोपं नाही. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांचं धरण इथेच बांधलं गेलं. जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी मुळशी सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापट त्याचा चेहरा झाले. धरण झालंच. म्हणजे एकाचा उजेड हा दुसऱ्याचा अंधार होता. शंभर वर्षांनी याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क उभं आहे. जमीन विकल्यानंतर घरात आलेला पैसा पुढच्या पिढीचं काय करतो, हे प्रवीण तरडेंनी ‘मुळशी पॅटर्न’मध्ये २०१८ मध्ये दाखवलं.

आजचा किल्विष इथे शिंगं लावून येणार नाही. तो पांढऱ्या गाडीतून, विसार पावती घेऊन येईल आणि चहा पिऊन जाईल. त्याच्याशी लढायला नुसतं गरागरा फिरून भागणार नाही.

असा मातीतला सुपरहिरो चालतो, हे बेसिल जोसेफने २०२१ च्या मल्याळम ‘मिन्नल मुरली’त दाखवलंय. केरळच्या गावातला शिंपी, अंगावर वीज पडते, आणि खलनायकही त्याच गावातला, प्रेमासाठी झुरणारा. शक्तिमानच्या सिनेमासाठी बेसिलचं नाव घेतलं गेलं ते उगाच नाही.

मग शक्तिमानमधलं काय वाचवायचं?

माझ्या मते, नट किंवा पोशाख यापेक्षा एक साधी गोष्ट. शक्तिमान फुकट होता.

मामा सांगतो, गावात तेव्हा मोजकेच टीव्ही होते. रविवारी दुपारी ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर अख्खी आळी. वारा आला की एकजण कौलांवर चढून अँटिना फिरवायचा आणि खालून बाकीचे ओरडायचे, ‘आलं, आलं, थांब!’ तिकीट नव्हतं, रिचार्ज नव्हता. सरपंचाचा मुलगा आणि गुराख्याचा मुलगा एकाच सतरंजीवर बसून तोच भाग बघायचे.

आता तीन भागांचा मोठा सिनेमा आला तर आमच्याकडून कोथरूड किंवा हिंजवडीचं मल्टिप्लेक्स गाठावं लागेल. चौघांचं तिकीट, जाण्यायेण्याचा खर्च, वर पॉपकॉर्न. मामाला परवडेल. ओसरीवर त्याच्या शेजारी बसणाऱ्या सगळ्यांना परवडेलच असं नाही.

म्हणून नट कोण, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, सिनेमा कुणासाठी? चाळिशीतल्या प्रेक्षकाला त्याचं बालपण परत विकायचं असेल तर जुना पोशाख आणि जुनं संगीत पुरेसं आहे. सात वर्षांच्या पोराला नायक द्यायचा असेल तर त्याच्या आजच्या भीतीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तो नायक त्याच्यापर्यंत पोहोचवावाही लागेल.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी मामाने शेवटी मोबाईलवर जुना भाग लावला. भाचा दहा मिनिटं बघत बसला. मग म्हणाला, "हा खाली येऊन मुलांशी बोलतो? स्पायडरमॅन तर बोलत नाही."

मामा कितीतरी दिवसांनी वाद जिंकल्यासारखा हसला.