शटरवरची नोटीस

तालुक्याच्या पेठेत भाड्याच्या गाळ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सोमवारी पेठ बंद. नेमका त्याच दिवशी कोर्टाचा बेलिफ येतो, कुलूप बघतो, शटरवर नोटीस डकवतो आणि निघून जातो. मंगळवारी सकाळी दुकानदार रोजच्यासारखं शटर वर ढकलतो. कागदही त्याच्याबरोबर गुंडाळला जातो. रात्री शटर खाली येतं तेव्हा त्याच्या चिंध्या उरलेल्या असतात. तारीख उलटते. काही महिन्यांनी बेलिफ पुन्हा येतो, आता दुकानातला माल जप्त करायला.

दुकानदारानं कुणाकडून एक रुपयाही उसना घेतलेला नाही. पैसे थकवले ते गाळामालकानं. त्या मालकावर दावा लावून एका व्यापाऱ्यानं हुकूमनामा मिळवला, वसुलीची दरखास्त दाखल केली आणि प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, की या भाडेकरूकडून मालकाला सहा महिन्यांचं भाडं, ७२ हजार रुपये, येणं आहे. ते मला मिळावं.

या दुकानदारासारख्या माणसाला कोर्टात ‘गार्निशी’ म्हणतात, म्हणजे ऋणकोचा ऋणको. भाडेकरू, ठेव सांभाळणारी बँक, मालाचे पैसे द्यायचं राहिलेलं गिऱ्हाईक, असा कुणीही गार्निशी होऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीनं नियम ४६-ए आणि पुढचे नियम आले. त्यांनुसार कोर्ट गार्निशीला नोटीस काढतं: पैसे कोर्टात भरा, नाहीतर हजर होऊन कारण दाखवा.

खरंच देणं असेल तर कोर्टात भरणं सोयीचं. तेवढ्या रकमेपुरता गार्निशी मालकाच्या देण्यातून सुटतो, पुढे मूळ हुकूमनामा रद्द झाला तरीही. देणं नसेल तर तसं सांगावं. मग कोर्टाला तो वाद दाव्यातल्या मुद्द्यासारखा चालवता येतो. पण पैसेही भरले नाहीत आणि हजरही झालं नाही, तर कोर्ट पैसे भरण्याचा हुकूम करू शकतं. तो हुकूम गार्निशीविरुद्ध हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. काल जो तिऱ्हाईत होता, तो आज देणेकरी ठरतो.

गप्प राहण्याची शिक्षा एवढी जबर असेल, तर बोलावणं पोचलं होतं की नाही हे आधी कसोशीनं तपासायला हवं. दाव्यातल्या समन्साचे बजावणीचे नियम या नोटिशीलाही लागू आहेत. माणसाचा पुरेसा शोध घेऊनही तो सापडला नाही किंवा त्यानं कागद घ्यायला नकार दिला, तरच तो दारावर डकवायचा. जागा कुणी दाखवली, कुणासमक्ष डकवलं, हे बेलिफानं अहवालात नाव-पत्त्यासह लिहायचं. अहवाल प्रतिज्ञापत्रावर नसेल, तर न्यायाधीशांनी बेलिफाला शपथेवर विचारलंच पाहिजे. सुट्टीच्या दिवशी मारलेल्या एका फेरीला शोध म्हणता येत नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं अशाच लंगड्या बजावणीवर उभा असलेला एकतर्फी हुकूमनामा रद्द केला. ‘घेण्यास नकार’ असा शेरा होता. पण समन्स दारावर डकवलं नव्हतं आणि शेऱ्याला साक्षीदारही नव्हता.

हुकूम झालाच, तर वाट उरते. आदेश २१ च्याच नियम १०६ खाली एकतर्फी हुकूम रद्द करून मागता येतो. मुदत ३० दिवसांची. नोटीस नीट बजावलीच नसेल तर हुकूम कळल्यापासून ३० दिवस. इथे ‘उशीर माफ करा’ हा अर्ज सहसा चालत नाही, म्हणून वकिलाकडे त्याच आठवड्यात जावं. गार्निशीविरुद्धच्या हुकुमावर अपीलही करता येतं.

कोर्टाचा कागद हाती आला तर ‘माझा काय संबंध’ म्हणून तो गल्ल्याखाली सारू नका. तारीख बघा, त्या दिवशी पावत्या घेऊन जा. मालकानं कितीही सांगितलं तरी नोटीस मिळाल्यावर थकलेलं भाडं त्याच्या हातात देऊ नका. आणि ज्यांच्या हातात बजावणी आहे त्यांना विनंती: पेठ उघडी असताना या, शेजारच्या दुकानदाराला विचारा, त्याची सही घ्या.

आपल्या दुकानदाराच्या गल्ल्यात त्या सहा महिन्यांच्या सहाही पावत्या होत्या. त्या दाखवायला त्याला फक्त एक तारीख कळायला हवी होती. ती शटरबरोबर गुंडाळली गेली.