शाल-श्रीफळानंतर

पुण्याच्या वानवडीत १९४४ सालापासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीत १९७४ साली सुरू झालेलं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि अपंग जवानांना हाताला काम शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूटही तिथेच आहे. सीमेवर पाय गमावलेल्या किंवा पाठीच्या कण्यात गोळी घुसलेल्या मराठी जवानाची वाट बहुधा यांपैकी एखाद्या दारातून जाते. शस्त्रक्रिया होते, पाय बसवला जातो, मेडिकल बोर्ड होतं, पेन्शनचे कागद तयार होतात आणि तो घरी येतो. घर बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात असेल, धारूरला असेल किंवा गेवराईत गोदाकाठी असेल. वेशीपासून मिरवणूक निघते, शाळेच्या पटांगणात शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, भाषणं होतात. त्यानंतरची दहा-वीस-तीस वर्षं मात्र तो आणि त्याचं घर यांचीच असतात. मनाची जखम भरते की चिघळते हे याच वर्षांत ठरतं आणि नेमकी याच वर्षांसाठी आपल्याकडे धड व्यवस्था नाही. ती पुण्यात उभारून भागणार नाही. ती त्याच्या गावात, ओळखीच्या माणसांच्या हातून उभी राहायला हवी, आणि बीड जिल्ह्यात तिचे बरेचसे भाग आधीपासून आहेत. ते एकमेकांना जोडलेले नाहीत, एवढंच.

गावातच का, याचं उत्तर संशोधनात सापडतं. ब्रूइन, अँड्र्यूज आणि व्हॅलेंटाइन या तीन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली ७७ अभ्यास एकत्र करून तपासले. सारख्याच भीषण प्रसंगातून गेलेल्या दोघांपैकी एक सावरतो आणि दुसऱ्याला तो प्रसंग वर्षानुवर्षं छळत राहतो, असं का होतं, हा त्यांचा प्रश्न होता. शिक्षण, बालपण, आधीचे आजार यांचा परिणाम दिसला, पण थोडा. त्याहून जास्त वजन होतं प्रसंगाच्या तीव्रतेला आणि प्रसंगानंतरच्या दिवसांना, म्हणजे माणसांचा आधार न मिळण्याला आणि नव्या ताणांची भर पडण्याला. गोळी लागली तो क्षण आता कुणाच्याच हातात नाही. त्यानंतरचे दिवस आहेत. गावाकडे आधार आपोआप मिळतो, अशी आपली एक लाडकी समजूत असते, पण ती बीडमध्ये फार ताणता येत नाही. साताऱ्यातलं अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी या गावांत पिढ्यान्‌पिढ्या फौजी घडले. तिथे जखमी जवानाच्या शेजारच्या ओट्यावर त्याच्यासारखंच आयुष्य काढलेला कुणी ना कुणी बसलेला असतो. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि इंग्रजांच्या मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून होई. आज इथली पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यांवर धावताना दिसतात, पण फौजेची ती जुनी सवय इथल्या गावांना नाही. त्यात दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि शिरूर कासार, वडवणी, पाटोदा, धारूर या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलंच उरतात. ज्याला घराबाहेर पडायला दुसऱ्याचा हात लागतो, त्या जवानाने या चार-पाच महिन्यांत बोलायचं कुणाशी?

या जखमेचं रूप घरच्यांना ओळखू येत नाही, ही आणखी एक अडचण. पाय मांडीपासून कापलेला आहे आणि रात्री दोन वाजता तो माणूस सांगतो की पायाची बोटं वळताहेत, तळव्याला आग लागली आहे. अमेरिकन यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ साली या वेदनेचं वर्णन केलं. मज्जासंस्थेने निर्माण केलेली ती खरी वेदना असते. तिच्यावर औषध आहे, व्यायाम आहे. पण हे कुणी समजावून सांगितलेलं नसेल तर नसलेला पाय दुखतो म्हणणाऱ्याकडे घर आधी घाबरून बघतं, नंतर संशयाने, आणि मग कुणीतरी देवऋषाचं नाव काढतं. उन्हाळ्यात बीडमधलं ऊन चाळीस अंशांच्या वर जातं. कृत्रिम पायाच्या खोबणीत घाम साचतो, उरलेल्या मांडीला फोड येतात, पाय काढून कोपऱ्यात ठेवावा लागतो. मग लग्नाला जाणं टळतं, बाजार टळतो, हळूहळू माणसंच टळतात. वरातीतले फटाके आणि डीजेचा दणका सुरू झाला की तो आतल्या खोलीत जाऊन बसतो आणि पाहुणे म्हणतात, मेजर लई घुमे झालेत. झोप येत नाही म्हणून कँटीनच्या कार्डावरची बाटली उघडली जाते. तिच्याने डोळा लागतो, पण झोप आणखी बिघडते. हे सगळं पहिल्यांदा बायकोच्या ध्यानात येतं, आणि ते सांगायला तिच्यापाशी जागा नसते. जवानासाठी म्हणून जी काही आखणी होईल तिच्यात ही बाई पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. तिच्या स्वतःच्या झोपेची आणि खचण्याचीही विचारपूस व्हायला हवी.

आता जिल्ह्यात काय आहे ते पाहू. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. बीड त्यात आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे खचलेली माणसं हेरायची, जिल्हा रुग्णालयाच्या पथकाने त्यांच्यावर समुपदेशन आणि औषधोपचार करायचे, अशी त्याची रचना. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याजवळ लोखंडी सावरगावला वृद्धत्व आरोग्य आणि मानसिक आजार केंद्र आहे. राज्याची चार जुनी मोठी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलेलं नाही आणि रेल्वेसुद्धा बीड शहरात २०२५ साली कुठे पोचली. म्हणून अंबाजोगाईचं मोल मोठं. बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि तालुक्यांत फिरून माजी सैनिकांची कामं पाहणारे कल्याण संघटक आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीत बोलतो. सैन्यदलातील लोक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. पण आशाताईच्या यादीत फौजी असा रकाना नाही आणि कल्याण संघटकाच्या कामात मनाची चौकशी हा विषय नाही. दोन सरकारी खाती एकाच माणसाच्या दोन बाजूंनी जातात आणि त्याच्या दारात त्यांची गाठ पडत नाही.

साधी माणसं हे काम करू शकतील का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर मराठी मुलखातच मिळतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी घरोघरी बोलायचं, जड प्रकरणं डॉक्टरकडे न्यायची, अशी पद्धत होती. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. शेजारी तुलनेसाठी वेगळी गावं ठेवलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. गोव्यात ‘संगाथ’ने केलेली चाचणी त्या बाबतीत अधिक काटेकोर होती. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दारूच्या आहारी गेलेल्यांसाठीही तिथे अशाच बैठका झाल्या आणि त्यांचा उपयोग दिसला, थोडा कमी पण ठाम. हे रुग्ण सैनिक नव्हते, हे खरं. युद्धाच्या आठवणींनी पछाडलेल्या मनाला तज्ज्ञच लागतो. पण त्या आठवणींच्या जोडीने जे नैराश्य येतं आणि जे व्यसन लागतं, त्यांवर गावपातळीवर काम होऊ शकतं. तज्ज्ञापर्यंत पोचवणारं माणूसही गावातलंच लागतं.

शिकवण्याची गरज मात्र खरी आहे, कारण नुसत्या सदिच्छेने इजाही होते. आघात झालेल्या माणसाला एका बैठकीत सगळं सांगायला लावायचं, मन मोकळं झालं की तो बरा होईल, अशी एक पद्धत जगभर रूढ होती. तिच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं की तिने आजार टळत नाही, काहींचा तर वाढतो. आपण पंधरा ऑगस्टला ध्वजारोहणानंतर काय करतो? जखमी जवानाच्या हाती माईक देतो आणि त्या दिवशी नेमकं काय घडलं ते पोरांना सांगा म्हणतो. त्यामागे आदर असतो, शंकाच नाही. पण कधी, कुणापाशी आणि किती बोलायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. गावाकडून त्याला वेगळं काही हवं असतं. बाजाराच्या दिवशी कुणी गाडीवर घेऊन जावं, सप्ताहात त्याच्याकडे एखादं खरं काम सोपवावं, पाणंद रस्त्याच्या भांडणात त्याचं मत विचारावं. बीडसारखे भरगच्च हरिनाम सप्ताह थोड्याच जिल्ह्यांत होत असतील. आठ दिवस अख्खं गाव एका मांडवात जेवतं. त्या मांडवात व्हीलचेअर जाईल एवढी वाट ठेवणं हेसुद्धा मानसिक आरोग्याचंच काम आहे.

काहींना वाटतं, फौजी माणूस कणखर असतो, त्याच्या मनाची चर्चा करणं म्हणजे त्याचा पाणउतारा. २०२२ साली सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केल्या होत्या. ही सेवेत असलेली, अंगाने धडधाकट माणसं होती. कणखरपणा त्यांच्यातही होताच. गावात गोष्ट बाहेर फुटते, हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो, पण पारावरच्या गप्पांना कायदा बांधत नाही. म्हणून पहिली भेट त्याच गावच्या माणसाने घेऊ नये. शेजारच्या तालुक्यातला शिकवलेला माजी सैनिक, कल्याण संघटकासोबत, पेन्शनच्या किंवा हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने घरी गेला तर कुणाची भुवई उंचावणार नाही. ऊसतोड मजूर, शेतकरी विधवा, दुष्काळाने मोडलेली घरं यांच्या जिल्ह्यात सैनिकांसाठी वेगळी सोय कशाला, असंही विचारलं जाईल. वेगळी सोय मी मागत नाहीच. जी आशाताई आहे, जो दवाखाना आहे, त्यांच्यातच त्याची गणना व्हावी. तो जवान बहुतेक वेळा याच कष्टकरी घरांतला मुलगा असतो.

माजी सैनिकानेच माजी सैनिकाकडे जाण्याला मोठा आधार आहे. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपापसांत बोलण्याच्या बैठका सुरू केल्या, कारण सरकारी रुग्णालयात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. त्यांच्या रेट्यामुळे १९७९ पासून वस्त्यावस्त्यांत सैनिकांची केंद्रं निघाली आणि पुढच्याच वर्षी आघातानंतरच्या या मानसिक आजाराला वैद्यकीय वर्गीकरणात जागा मिळाली. जखमेतून सावरलेल्या जवानांत मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण आपल्याला जवळचं. इस्लामपूर पेठचा हा ईएमईचा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. पण पेटकरांचं नाव घेऊन इतरांना हिणवू नये. प्रत्येक जखमी जवानाला पदक मिळवायचं नसतं. कुणाला पुन्हा शेळ्या पाळायच्या असतात, कुणाला मुलीच्या शाळेत पालकसभेला जायचं असतं.

हे सगळं सरकारचं काम आहे, गावावर का ढकलता, असा शेवटचा प्रश्न. पैसा, औषधं, पेन्शन सरकारचंच काम आहे आणि तिथे सूट देण्याचं कारण नाही. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत असताना जडला तर तो सेवेमुळेच जडला असं धरून चालावं आणि तसं नसल्याचा पुरावा सरकारने द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणात २०१३ साली सांगितलं आहे. मनाच्या आजाराचा दावा नाकारला गेलेल्या जवानाला हे माहीत असायला हवं. पण यापुढे अशीही मुलं घरी येतील ज्यांचं नाव माजी सैनिकांच्या कुठल्याच यादीत नसेल. २०२२ च्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. सेवेत अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. मात्र चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा (ईसीएचएस) दवाखानाही नाही. आष्टी-पाटोद्याचा असा एखादा पंचविशीतला मुलगा उद्या रात्री-अपरात्री दचकून उठायला लागला, तर त्याच्या दारावरून जाणारी आणि त्याचं नाव वहीत असलेली सरकारची एकच व्यक्ती असेल, ती म्हणजे आशाताई. तिच्या पुढच्या प्रशिक्षणात फौजेतून आलेल्या माणसाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही यासाठी अर्धा दिवस राखून ठेवायला जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला मुंबई-दिल्लीच्या परवानगीची गरज पडू नये.