सावळा चेहरा, पांढरी साडी आणि डेव्हलपरचा ट्रे

घरातील जुने कृष्णधवल फोटो एकदा पेटीतून काढावेत आणि सतरंजीवर ओळीने मांडावेत. एक फोटो तपकिरी, उबदार छटेचा दिसेल. दुसरा निळसर काळा, करकरीत दिसेल. तिसऱ्या फोटोत आजीची पांढरी साडी म्हणजे नुसता पांढरा डाग. काठ नाही की घडी नाही. आणि तिचा चेहरा असा काळवंडलेला की डोळे शोधावे लागतात. "फोटो जुना झाला, त्याला काय करायचे?" असे आपण म्हणतो आणि पेटी बंद करतो.

वाचकहो, काही फोटो काळाने पिवळे पडतात हे खरे. परंतु पुष्कळ फोटोंची छटा वयामुळे आलेली नसते, ती पहिल्या दिवसापासूनच तशी असते. कॅमेऱ्याने चेहरा टिपला; पण तो कागदावर कसा उतरायचा हे स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये ठरले. ते द्रावण कोणी, कोणत्या मापाने कालवले, यावर आजीच्या चेहऱ्याचे बरेच काही अवलंबून होते.

म्हणून या वेळी आम्ही या ट्रेविषयी लिहीत आहोत. आज फोटो मोबाइलवर निघतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण जुन्या निगेटिव्ह अजून अनेक घरांत पडून आहेत, त्यांवरून नव्याने फोटो छापता येतो, आणि हाताने कागदावर फोटो छापायला शिकणारी तरुण मुले-मुली आजही आहेत. त्यांच्या हाती नेमकी माहिती पडावी, एवढाच आमचा हेतू.

काळा रंग चांदीचा

कृष्णधवल फोटोतला काळा रंग शाईचा नसतो, चांदीचा असतो. कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार बसवलेले असतात. एनलार्जरमधून निगेटिव्हचा प्रकाश त्यावर पडला तरी कागद कोराच दिसतो. तो डेव्हलपरमध्ये बुडवला की जिथे प्रकाश लागला तिथल्या क्षारांची चांदी होते आणि लाल दिव्याच्या उजेडात हळूहळू चेहरा वर येतो. पुढे हायपोच्या ट्रेमध्ये उरलेले क्षार निघून जातात आणि चित्र कायम होते.

छटेचे मर्म या चांदीच्या कणांत आहे. कण अगदी बारीक तयार झाले तर डोळ्यांना ते तपकिरी दिसतात. मोठे झाले तर काळे किंवा निळसर काळे दिसतात. एकच मिरची जाडसर कुटली तर वेगळी दिसते, वस्त्रगाळ केली तर वेगळी दिसते, तसाच हा प्रकार. कण किती वाढू द्यायचे हे डेव्हलपरच्या हाती असते.

पाच जिन्नस, पाच कामे

कागदाच्या नेहमीच्या डेव्हलपरमध्ये पाण्याखेरीज पाचच जिन्नस असतात. मेटॉल लवकर कामाला लागते आणि चेहऱ्यावरच्या फिकट, मधल्या छटा मवाळपणे वर आणते. हायड्रोक्विनॉन मागून येते, पण गडद काळे भरण्याचे काम तेच करते. दोघे एकत्र आले की एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त काम होते. सोडियम सल्फाइट हवेने द्रावण खराब होऊ देत नाही. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचे शुद्ध रूप, द्रावणाला जोर देते. आणि पोटॅशियम ब्रोमाइड हा लगाम आहे. जिथे प्रकाश लागलेला नाही त्या पांढऱ्या भागावर राखाडी धुके येऊ नये म्हणून तो लागतो.

ही विद्या नवी नाही. हायड्रोक्विनॉनचा हा गुण १८८० साली इंग्लंडमधील अ‍ॅब्नी यांनी दाखवून दिला आणि १८९१ साली जर्मनीतून मेटॉल आले. आपल्याकडे काही स्टुडिओवाले तयार पुड्या आणत, तर काही सुटी रसायने आणून स्वतः कालवत. निलगिरीतील उदगमंडलम् येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा 'इंदू' छापाचा माल एके काळी स्टुडिओवाल्यांच्या ओळखीचा होता. तो कारखाना आता बंद पडला आहे; कृष्णधवल कागद आज परदेशातून येतो.

कालवण्याचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी उस्ताद स्वतःजवळ ठेवत. हाताखालच्या पोराने ट्रे धुवायचे, बर्फ आणायचा, फोटो वाळत घालायचे. वजन मात्र उस्ताद पाठ फिरवून करणार. खरे पाहता यात गुपित असे काहीच नाही. मुख्य प्रमाणे छापून प्रसिद्ध झालेली आहेत. ज्याला काटा वाचता येतो त्याला ती जमतात.

मूळ कृती

कोडॅकची डी-७२ ही कृती सर्वांत परिचित. एक लिटर साठ्याचे प्रमाण असे:

कोमट पाणी, सुमारे ५० अंश सेल्सिअस : ५०० मिलिलिटर
मेटॉल : ३ ग्रॅम
सोडियम सल्फाइट, निर्जल : ४५ ग्रॅम
हायड्रोक्विनॉन : १२ ग्रॅम
सोडियम कार्बोनेट, मोनोहायड्रेट : ८० ग्रॅम
पोटॅशियम ब्रोमाइड : २ ग्रॅम
थंड पाणी घालून एकूण : १ लिटर

जिन्नस याच क्रमाने घालावेत आणि एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा घालू नये. मेटॉलच्या आधी सल्फाइटची फक्त चिमूट टाकावी. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल नीट विरघळत नाही, आणि अजिबात टाकले नाही तर हवेने ते बिघडू लागते. उरलेले सल्फाइट मेटॉलनंतर टाकावे.

सोड्याच्या बाबतीत विशेष जपावे. निर्जल भुकटी असेल तर ८० ऐवजी ६८ ग्रॅम पुरते. खडे असलेला सोडा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते, म्हणून तो सुमारे १८४ ग्रॅम लागतो. खाण्याचा सोडा चालत नाही. तो वेगळा पदार्थ आहे.

साठा तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावा. वापरताना एक भाग साठा आणि दोन भाग पाणी घ्यावे. तापमान २० अंश. आपल्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांवर जाते, तेव्हा ट्रे मोठ्या परातीत ठेवून बाजूने बर्फाचे पाणी घालावे. फोटो दीड ते दोन मिनिटे हलवत ठेवावा. काळा होतोय असे वाटून अर्ध्यावर उचलू नये, तसे केल्यास चित्र मळकट येते. जास्त काळा होत असेल तर एनलार्जरचा वेळ कमी करावा.

छटा हवी तशी

आता याच द्रावणातून उबदार तपकिरी छटा हवी असेल तर दोन गोष्टी कराव्यात. साठा अधिक पातळ करावा, म्हणजे एका भागाला तीन किंवा चार भाग पाणी. आणि ब्रोमाइड वाढवावे. १० ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करून ठेवावे आणि ट्रेमधल्या एक लिटरमागे त्यातले १० मिलिलिटर घालून पाहावे. लगाम घट्ट झाला की कण बारीक राहतात. मात्र कागदाला प्रकाश जास्त द्यावा लागतो आणि ट्रेमध्येही वेळ जास्त लागतो.

थंड, निळसर काळी छटा हवी असेल तर उलट चालावे. ब्रोमाइड कमी करावे आणि त्याच्या जागी बेन्झोट्रायझोल वापरावे. त्याचे १ टक्का द्रावण लिटरमागे १० मिलिलिटरपासून सुरू करावे. तेही धुके आवरते, पण छटा थंड ठेवते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रत्येक वेळी कागदाची बोटभर पट्टी काढावी आणि पट्टीच्या मागे पेन्सिलीने प्रमाण, वेळ, तापमान लिहावे. पट्टी वाळल्यावरच निर्णय घ्यावा, कारण ओला फोटो उजळ दिसतो आणि वाळला की थोडा गडद होतो.

डेव्हलपरने सगळेच होते असे मात्र कोणी समजू नये. क्लोरोब्रोमाइड जातीचा उबदार कागद हे बदल मोकळेपणाने दाखवतो. निव्वळ ब्रोमाइड कागदावर फरक थोडाच पडतो, आणि प्लॅस्टिकचा थर असलेल्या बऱ्याच कागदांवर त्याहून कमी. कागद घेतानाच त्याची जात विचारावी.

सावळ्या चेहऱ्याचा प्रश्न

आता ज्यासाठी आम्ही हे सर्व लिहिले ती गोष्ट. आपल्याकडे लग्नात वधू पांढरी साडी नेसते, वरही पांढऱ्या कपड्यांत असतो. आणि आपल्या पुष्कळ घरांतले चेहरे सावळे किंवा काळे आहेत. फोटो छापणाऱ्याला याहून अवघड जोडी मिळणार नाही. हायड्रोक्विनॉनचा जोर जास्त असलेल्या कडक डेव्हलपरमध्ये, कडक कागदावर छापले की दोनच वाटा उरतात. साडीचे काठ दिसतील असे छापले तर चेहरा काळा ठिक्कर. चेहरा दिसेल असे उजळ छापले तर साडी नुसता कोरा कागद, आणि चेहऱ्याचा रंग खोटा.

स्टुडिओंनी बहुधा दुसरी वाट धरली. त्यात निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा आणखी उजळ करण्याची रीत होती. स्थळासाठी काढलेल्या मुलीच्या फोटोत तर हे हमखास. मुलगी गोरी दिसली, आईबापांना बरे वाटले. पण त्या फोटोत आपली मुलगी राहिली का? गालावरची गोलाई, कपाळावरची रेषा, कष्टाने आलेला चेहऱ्याचा घाट हे सारे त्या उजेडात पुसले गेले. चेहरा काळा म्हणून लपवायचा, ही समजूत कॅमेऱ्यातून आलेली नाही. ती माणसांच्या मनातून ट्रेमध्ये उतरली.

तिसरी वाट होती, आणि तीही छापलेल्या कृतींमध्येच होती. हायड्रोक्विनॉन अजिबात न घालता केवळ मेटॉलवर चालणारा मवाळ डेव्हलपर. अ‍ॅन्स्को १२० या नावाने ओळखली जाणारी ही कृती लिटरला अशी: मेटॉल १२.३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ३६ ग्रॅम, मोनोहायड्रेट सोडियम कार्बोनेट ३६ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड १.८ ग्रॅम. वापरताना एकास दोन पाणी.

दोन ट्रे शेजारी ठेवावेत. पहिल्यात हा मवाळ डेव्हलपर, दुसऱ्यात डी-७२. फोटो पहिल्या ट्रेमध्ये मिनिट-दीड मिनिट ठेवावा. तिथे साडीच्या घड्या उमटतात आणि सावळ्या गालाच्या छटा एकमेकींपासून वेगळ्या होतात. मग अर्धा मिनिट दुसऱ्या ट्रेमध्ये, म्हणजे केस आणि डोळ्यांची बुबुळे पुरेशी काळी भरतात. पहिल्या ट्रेमधला वेळ वाढवला की फोटो मवाळ होतो, दुसऱ्यातला वाढवला की कडक. निगेटिव्हमध्ये साडीचे काठ आलेले असतील तर ते कागदावरही येतात, आणि चेहरा सावळाच राहून स्पष्ट दिसतो. निगेटिव्हमध्येच जे नाही ते मात्र कोणताही डेव्हलपर आणू शकत नाही.

हात जपा, घर जपा

ज्यांच्या हातांनी लाखो घरांचे फोटो छापले, त्यांच्या हातांकडे फारसे कोणी पाहिले नाही. मेटॉलमुळे अनेकांच्या त्वचेला त्रास होतो. बोटे खाजतात, लाल होतात, कातडे फाटते, आणि एकदा शरीराने ते धरले की पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास उठतो. उघड्या हातांनी दिवसभर ट्रेमध्ये काम करणाऱ्यांचा हा आजार छायाचित्रण व्यवसायात जुना आणि माहितीचा आहे. तेव्हा चिमटे वापरावेत, रबरी हातमोजे घालावेत.

ज्यांना मेटॉल अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी फेनिडोन आहे. त्याचा गुण १९४० साली ब्रिटनमधील इलफर्डच्या प्रयोगशाळेत आढळला. त्वचेला ते खूपच कमी बाधते आणि मेटॉलच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने पुरते, म्हणजे डी-७२ मध्ये ३ ग्रॅमऐवजी साधारण ०.३ ग्रॅम. त्याचे धुके ब्रोमाइडने पुरेसे आवरत नाही, बेन्झोट्रायझोल लागते. त्यामुळे छटा थोडी थंडीकडे झुकते.

आपली घरे लहान. एकाच खोलीत चूलही आणि मुलांचा अभ्यासही. म्हणून काही नियम मोडूच नयेत. ही रसायने साखर-मिठासारखी दिसतात; त्यांवर मोठ्या अक्षरांत नाव आणि 'विष' असे लिहून ती कुलपात ठेवावीत. स्वयंपाकाची भांडी, चमचे, शीतपेयांच्या बाटल्या यासाठी वापरू नयेत. भुकटी मोजताना तोंडावर फडके बांधावे, डोळे सांभाळावेत, खिडकी उघडी ठेवावी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये, वेगळ्या कॅनमध्ये साठवावा आणि चांदी काढणाऱ्याकडे द्यावा.

शेवटी आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे. जुन्या निगेटिव्ह रद्दीत घालू नका. त्या कोरड्या जागी, कागदी पाकिटात, नाव आणि साल लिहून ठेवा. ज्या आजीचा चेहरा एका कडक ट्रेने काळवंडून टाकला, तिच्या निगेटिव्हमध्ये तो चेहरा अजून शाबूत असू शकतो. घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला रसायनशास्त्राची आवड असेल तर हे पान कापून तिच्या वहीत ठेवा. काटा, दोन ट्रे, पाच जिन्नस आणि धीर एवढ्यावर हे काम होते. आपली माणसे होती तशी कागदावर उतरवणे हे आपलेच काम आहे, आणि ते आपल्या हातांना जमण्यासारखे आहे.