संपादित ग्रंथातला लेख नेमका कोणाचा?

'मून, १९७९' असा कंस एखाद्या प्रबंधात दिसतो. त्याआधीचं विधान असतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडाचे संपादक वसंत मून, आणि खंड निघाला १९७९ साली. म्हणजे कंसातला तपशील ग्रंथापुरता बरोबर आहे, तरीही नोंद चुकलेली आहे. पुढच्या पानावर 'मून, उनि.' (म्हणजे वर नमूद केलेला ग्रंथ) आलं की मूळ लेखक त्या प्रबंधातून जवळजवळ बेपत्ता होतो.

याच्या मुळाशी असलेला समज असा, की मुखपृष्ठावर ज्याचं नाव, संदर्भ त्याच्या नावाने द्यायचा. वस्तुस्थिती उलट आहे. विधान ज्याचं, नोंद त्याची. एपीए, एमएलए आणि शिकागो या संदर्भ देण्याच्या पद्धती बारीकसारीक बाबतींत एकमेकींपासून कितीही वेगळ्या असल्या तरी इथे त्यांचं एकमत आहे: आधी लेखाचा लेखक, मग लेखाचं शीर्षक, त्यानंतर ग्रंथाचं नाव आणि संपादक. संपूर्ण ग्रंथाविषयीच बोलायचं असेल तेव्हा संपादकाचं नाव सुरुवातीला येतं. त्याच्या प्रस्तावनेतलं वाक्य घेतलं तरीही ते सुरुवातीलाच येतं, पण तिथे तो लेखक म्हणून येतो.

अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' या १९९२च्या ग्रंथात कितीतरी दलित लेखकांच्या कविता, कथा, आत्मकथनांचे अंश आणि लेख इंग्रजी अनुवादात एकत्र आले आहेत. त्यातली कुठलीही ओळ घेऊन पुढे 'डांगळे, १९९२' लिहिणं मला केवळ तांत्रिक चूक वाटत नाही. आपला अनुभव आपण स्वतःच्या नावाने मांडणार, या आग्रहातून हे साहित्य उभं राहिलं. त्याच्या अभ्यासातच ती नावं पुसली जावीत, हे फार खुपतं. अनुवादकाचं नावही इथे हवंच, कारण अभ्यासकाने उद्धृत केलेले इंग्रजी शब्द त्याचे असतात.

सालाचा घोटाळा याहून खोल जातो. ग्रंथाचं साल तेच लेखाचं साल, असं अनेकजण धरून चालतात. आंबेडकरांच्या त्या पहिल्या खंडात १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध आहे, १९३६चं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, रानड्यांवरचं १९४३चं पुण्यातलं भाषण आहे आणि भाषावार राज्यांवरचं १९५५चं पुस्तकही आहे. साऱ्यांपुढे नुसतं १९७९ लिहिलं की जवळपास चाळीस वर्षांचा वैचारिक प्रवास एका सालात कोंबला जातो. भाषावार राज्यांविषयीचा युक्तिवाद तर महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी केल्यासारखा दिसू लागतो! एपीएमध्ये यावर सरळ उपाय आहे. मजकुरात 'आंबेडकर, १९३६/१९७९' लिहायचं आणि सूचीत मूळ प्रकाशनाचं साल नोंदवायचं. एमएलए आणि शिकागोतही मूळ साल देण्याची सोय आहे.

लेख एकच असेल तर कुठल्याही आवृत्तीचा संदर्भ चालतो, हाही समज सोडून द्यायला हवा. इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' हा लेख १९४९च्या 'परिपूर्ती'त आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला आणि पुढे एलिनॉर झेलियट व मॅक्सिन बर्न्सन यांनी संपादित केलेल्या 'द एक्स्पीरियन्स ऑफ हिंदुइझम' या १९८८च्या ग्रंथात. नियतकालिकातला लेख आणि संपादित ग्रंथातला लेख यांच्या नोंदींची रचना वेगळी, पृष्ठांकही वेगळे. जी प्रत प्रत्यक्ष वाचली तिचीच नोंद करायची. 'परिपूर्ती'ची गोष्ट आणखी निराळी. तो एकाच लेखिकेचा संग्रह आहे, त्यामुळे एपीएनुसार सूचीत पूर्ण पुस्तक येतं आणि लेखाचा उल्लेख मजकुरात होतो.

पृष्ठांकांबद्दल थोडक्यात: एपीए आणि एमएलएच्या सूचीत लेखाची पहिली ते शेवटची पानं येतात, तर मजकुरात उद्धृताचं नेमकं पान. २०२४च्या अठराव्या आवृत्तीपासून शिकागोने सूचीतल्या या पृष्ठमर्यादेची सक्ती काढली आहे. प्रकाशनाचं गाव एपीएच्या सातव्या आवृत्तीपासून लागत नाही, तरी जुन्या सूचनापत्रकांत ते अजून मागितलं जातं. विद्यापीठाने जी पद्धत ठरवली असेल ती पाळावी. एकाच ग्रंथातले अनेक लेख वापरले तर ग्रंथाची एक नोंद पुरते, हे अर्धसत्य आहे. एमएलए आणि शिकागोत ग्रंथाची पूर्ण नोंद एकदा करून प्रत्येक लेखाची छोटी नोंद तिच्याकडे वळवता येते. एपीएत मात्र प्रत्येक लेखाची नोंद पूर्णच लागते.

आणि झोटेरोसारखं सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप सांभाळतं, असा भरवसा धरू नये. तिथे 'बुक' हा प्रकार निवडला तर लेखाच्या शीर्षकाला वेगळी जागाच मिळत नाही. 'बुक सेक्शन' निवडावा लागतो. त्यानंतर प्रत्येक नावापुढची भूमिकाही तपासावी. ती 'ऑथर' अशीच राहिली तर झेलियट आणि बर्न्सन सूचीत इरावतीबाईंच्या सहलेखिका म्हणून छापल्या जातात.