उंबऱ्याशी मोजलेलं आरोग्य

१९१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बाल्टिमोर शहर इन्फ्लुएन्झाच्या साथीनं हैराण झालं होतं. शाळा बंद, दवाखाने तुडुंब. नेमक्या त्याच महिन्यात तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं एक नवं विद्यालय सुरू केलं, ‘स्कूल ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’. केवळ सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षण-संशोधनासाठी उभारलेलं, स्वतःची पदवी देणारं जगातलं हे पहिलं स्वतंत्र विद्यालय मानलं जातं. त्याचे पहिले प्रमुख विल्यम वेल्च यांनी सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प डेव्हन्स या लष्करी छावणीत या तापानं दगावलेले तरणेबांड सैनिक पाहिले होते. परत आल्यावर ते स्वतःही आजारी पडले.

या विद्यालयाच्या जन्मातच एक मतभेद होता. रॉकफेलर फाउंडेशनसाठी वेल्च आणि विक्लिफ रोझ यांनी १९१५ साली आराखडा तयार केला. त्याला आजही वेल्च-रोझ अहवाल म्हणतात, पण दोघांची मनं दोन दिशांना ओढत होती. रोझ यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्धची मोहीम चालवली होती; त्यांना गावोगाव जाऊन काम करणारे आरोग्य अधिकारी घडवायचे होते. वेल्च जर्मन प्रयोगशाळांच्या परंपरेत वाढलेले. त्यांचा भर मूलभूत संशोधनावर. १९१६ साली फाउंडेशननं पैसा दिला आणि विद्यालय उभं राहिलं ते बरंचसं वेल्च यांच्या मनासारखं. आधी प्रयोगशाळा, मग गाव. पुढच्या शंभर वर्षांत मात्र या संस्थेच्या हातून जी सर्वांत मोलाची कामं झाली, ती बहुतेक प्रयोगशाळेचं दार ओढून घेऊन लोकांच्या उंबऱ्याशी गेल्यावर झाली. आणि त्या वाटेवर सर्वांत पुढे गेलेली काही माणसं महाराष्ट्रातली आहेत.

वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट १९१९ साली इथे आले. साथरोगशास्त्राचे ते अमेरिकेतले पहिले प्राध्यापक. त्यांच्या जोडीला लॉवेल रीड हे संख्याशास्त्रज्ञ. साथ भडकते कशी, आणि सगळ्यांना गाठण्याआधीच ओसरते का, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी या दोघांनी रंगीत गोट्या घेतल्या. एका रंगाची गोटी म्हणजे आजारी माणूस, दुसऱ्या रंगाची म्हणजे लागण होऊ शकेल असा, तिसऱ्या रंगाची म्हणजे आजारातून उठलेला आणि आता सुरक्षित असलेला. गोट्या नीट मिसळायच्या, एका लांब पन्हळीत ओळीनं पडू द्यायच्या आणि बघायचं, आजारी गोटीला खेटून कोण आलं? लागण होण्याजोगी गोटी आली असेल तर ती पुढच्या फेरीत आजाऱ्यांत जमा. आधीची आजारी गोटी सुरक्षितांत. पुन्हा मिसळा, पुन्हा ओता. काही फेऱ्यांत वर्गासमोर साथ चढते, शिखर गाठते आणि उतरते. आणि काही गोट्या शेवटपर्यंत निरोगीच राहतात, कारण त्यांच्या आणि आजाऱ्यांच्या मध्ये सुरक्षित गोट्या आलेल्या असतात. ‘रीड-फ्रॉस्ट मॉडेल’ म्हणून हे गणित पुढे जगभर शिकवलं गेलं. कोविडच्या काळात टीव्हीवर रोज ऐकू येणाऱ्या ‘सामूहिक प्रतिकारशक्ती’ची कल्पना इतक्या सोप्या रीतीनं क्वचितच कोणी समजावली असेल.

पण वर्गातली गोटी आणि गल्लीतला माणूस यांत फरक असतो. १९३२ साली विद्यालयानं शहराच्या आरोग्य खात्याशी हातमिळवणी करून इमारतीभोवतालचा पूर्व बाल्टिमोरचा भाग आपलं अभ्यासक्षेत्र केला. त्याचं नाव ईस्टर्न हेल्थ डिस्ट्रिक्ट. एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, दाराशी संगमरवरी पायऱ्या, आत कामगारांची भरगच्च कुटुंबं. तिथे घरोघर खानेसुमारी होऊ लागली. कोण राहतं, कोण आजारी पडलं, कोणाला क्षय आहे. रुग्णालयात येणारा रुग्ण हा आजाराचा केवळ एक तुकडा. जो येतच नाही त्याच्याबद्दल कळायचं तर दार ठोठावायला हवं. विद्यार्थी हे पुस्तकातून नव्हे, पायऱ्या चढून शिकले.

एल्मर मॅककॉलम यांची गोष्ट उलट्या टोकाची. ते उंदरांवर प्रयोग करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ. विस्कॉन्सिनमध्ये असताना १९१३ साली मार्गरिट डेव्हिस यांच्या साथीनं त्यांनी लोणी आणि अंड्यातल्या एका पोषक घटकाचा छडा लावला. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरलं. नव्या विद्यालयात आल्यावर १९२२ साली त्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वही वेगळं ओळखलं. हे सारं काम पिंजऱ्यातल्या उंदरांवर.

त्याच ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुढचा अध्याय मात्र इंडोनेशियात लिहिला गेला. १९७० च्या दशकात आल्फ्रेड सॉमर हे नेत्रतज्ज्ञ तिथे रातांधळेपणाचा अभ्यास करत होते. काही हजार लहान मुलांना त्यांचं पथक दर तीन महिन्यांनी घरी जाऊन तपासत होतं. हेतू डोळ्यांपुरताच होता. बाल्टिमोरला परतल्यावर आकडे पुन्हा चाळताना सॉमर यांना दिसलं की पुढच्या फेऱ्यांत काही मुलं सापडतच नव्हती. ती मरण पावली होती. आणि ज्यांना नुसता सौम्य रातांधळेपणा होता, त्यांच्यातही मृत्यूचं प्रमाण निरोगी डोळ्यांच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. १९८३ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेमध्ये ४५० गावांत चाचणी झाली. सहा महिन्यांच्या अंतरानं जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. सॉमर यांचे सहकारी कीथ वेस्ट यांनी नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात तेच करून पाहिलं आणि निष्कर्ष जवळपास तोच आला. आपल्या अंगणवाडीत पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात दर सहा महिन्यांनी चमच्यानं घातलं जाणारं पिवळं औषध आपल्याला नेहमीचं झालंय. ते नुसतं डोळे वाचवत नाही, जीव वाचवतं, याचा भक्कम पुरावा या गावांतून आला. अंगणवाडीताईंना हे ठाऊक असायला हवं.

सॉमर १९९० ते २००५ या काळात विद्यालयाचे प्रमुख होते. त्यांच्या आधीचे प्रमुख डी. ए. हेंडरसन. जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेचं नेतृत्व करून ते १९७७ साली इथे आले. देवीची निसर्गतः झालेली शेवटची लागण त्याच वर्षी सोमालियात नोंदली गेली.

उंबऱ्याच्या या वाटेवरचं पुढचं नाव कार्ल टेलर. त्यांचा जन्म १९१६ चा, विद्यालयाला पैसा मिळाला तेच वर्ष, आणि जन्मगाव मसुरीजवळचं लंढौर. आईवडील मिशनरी डॉक्टर. बैलगाडीतून दवाखाना घेऊन गावोगाव फिरणारे. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवून टेलर अमेरिकेत गेले आणि १९६१ साली त्यांनी हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभारला. पण मन पंजाबात होतं. लुधियानाजवळच्या नारंगवाल परिसरातल्या गावांत त्यांनी कुटुंब आरोग्य सेविका प्रशिक्षित केल्या. मुलाचा श्वास जोरात चालला असेल तर न्युमोनिया ओळखून पेनिसिलिन देणं, जुलाबावर तोंडानं पाणी देणं ही कामं डॉक्टरांशिवाय होऊ शकतात, हे तिथे पुराव्यानिशी सिद्ध झालं. नारंगवालचा प्रकल्प १९७४ मध्ये बंद पडला, पण १९७८ च्या आल्मा-आता जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्याची जी भाषा आली, तिच्यामागे टेलर यांचा मोठा हात होता.

टेलर यांच्या वर्गात बसलेलं एक जोडपं म्हणजे रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण बरे करून घरी पाठवलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येतात. हॉपकिन्समधून पदवी घेऊन ते १९७० मध्ये जामखेडला उतरले. जिल्ह्यातला हा दुष्काळी कोपरा. १९७२ चा दुष्काळ तर पुढ्यातच होता. आधीचा बेत असा की खेड्यात प्रशिक्षित परिचारिका ठेवायच्या. त्या गावात टिकेनात. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, शिकायचं, गावी जाऊन दुसऱ्या बायकांना सांगायचं. बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग, जोडीला विहिरीवरचं पाणी आणि जातीचे अडसरही. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडबद्दल वाचून, ते पाहून गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांत हॉपकिन्सचेही आहेत. वाट उलटीही चालू लागली होती.

अभय आणि राणी बंग यांनी १९८४ साली हॉपकिन्सची तीच पदवी घेतली. तिथेच राहून नावलौकिक मिळवणं सोपं होतं. ते गडचिरोलीत आले, ‘सर्च’ संस्था काढली. सुरुवातीला त्यांनी जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या प्रमाणाचा शोध घेतला. काम शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचं होतं, पण गावकऱ्यांच्या लेखी तो त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर विषय लोकांना विचारून ठरू लागले. बायकांनी अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याविषयी, पाठदुखीविषयी सांगितलं. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली: ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा एक ना एक त्रास होता आणि याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’नं हे छापलं. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही सरकारी समजूत तिथून हलली.

न्युमोनियाच्या कामात एक साधं उपकरण जन्माला आलं, आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसे, दहापर्यंत येई. म्हणून एका चौकटीत वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत हात पोचला तर न्युमोनिया. लहान बाळाला मिनिटाला साठ आणि मोठ्याला पन्नास ही डॉक्टरी पुस्तकातली सीमा दाईच्या बोटांत उतरली.

पुढचं पाऊल नवजात बाळांचं. १९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत आरोग्यदूत बायका बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. झोळीत वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला उबेत ठेवायची झोपपिशवी, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायची नळी-पिशवी आणि जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनचं इंजेक्शन. शेवटच्या वर्षी या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ५९.६. खेड्यातली बाई इंजेक्शन देते यावर बडे बालरोगतज्ज्ञ बिचकले. पण बांगलादेशात सिल्हेटला हॉपकिन्सच्याच अब्दुल्ला बाकी यांच्या पथकानं घरपोच नवजात सेवेची मोठी चाचणी केली, तिथेही मृत्यू घटले. २०११ मध्ये भारत सरकारनं आशा कार्यकर्त्यांसाठी घरभेटींचं वेळापत्रक ठरवलं. बाळ रुग्णालयात जन्मलं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

उंबरठा ओलांडणं नेहमी एवढं निर्मळ नसतं, हेही सांगायलाच हवं. १९९० च्या दशकात हॉपकिन्सशी संलग्न केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटनं बाल्टिमोरच्या जुन्या भाड्याच्या घरांतला शिशाचा रंग किती स्वस्तात, किती प्रमाणात काढला तर पुरे, याचा अभ्यास केला. त्या घरांत लहान मुलं असलेली गरीब कुटुंबं राहत होती आणि मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं जात होतं. ही घरं आसपासच्या घरांपेक्षा सुरक्षितच होती, असं संशोधकांचं म्हणणं. दोन कुटुंबं न्यायालयात गेली. २००१ साली मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं अभ्यासावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि अशा संशोधनात संशोधकांवर सहभागींप्रती कायदेशीर जबाबदारी येऊ शकते, असं म्हटलं. गडचिरोलीत विषय लोकांनी सांगितला. इथे लोकांना पुरतं सांगितलंही गेलं नव्हतं. फरक तिथे आहे, आणि तो लहान नाही.

त्याच २००१ साली विद्यालयाला विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि देणगीदार मायकेल ब्लूमबर्ग यांचं नाव मिळालं. महाराष्ट्राशी नातंही चालूच राहिलं: पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर हॉपकिन्सचं संशोधन केंद्र चालतं. आईच्या दुधातून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून नेव्हिरापिन सहा आठवडे देण्याची जी चाचणी इथिओपिया, युगांडा आणि भारतात झाली, तिचा भारतातला भाग पुण्यातला. कोविडमध्ये घराघरांत पाहिला गेलेला हॉपकिन्सचा आकड्यांचा नकाशा मात्र या विद्यालयाचा नव्हे, अभियांत्रिकी शाखेच्या लॉरेन गार्डनर यांच्या चमूचा. विद्यालयानं मे २०२० मध्ये रुग्णांचे संपर्क शोधण्याचा मोफत ऑनलाइन वर्ग काढला. तो शिकवणाऱ्या एमिली गर्ली यांनी बांगलादेशात निपाहच्या साथींवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवलं.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारनं परदेशी मदतीला कात्री लावली. विद्यापीठाची ८० कोटी डॉलरहून जास्त अनुदानं गेली आणि २,२०० हून अधिक नोकऱ्या रद्द झाल्या. अमेरिकेत २४७, तर ४४ देशांत मिळून १,९७५. सार्वजनिक आरोग्य विद्यालय, त्याचं संवाद केंद्र, वैद्यकीय शाखा आणि माता-बाल आरोग्यासाठी काम करणारी जपायगो ही संलग्न संस्था, सगळ्यांना फटका बसला. गेलेल्या नऊपैकी आठ नोकऱ्या अमेरिकेबाहेरच्या होत्या. बाल्टिमोरच्या इमारती, अध्यासनं आणि शिष्यवृत्त्या यांना ब्लूमबर्ग यांच्यासारखे देणगीदार आहेत. दूर देशांतल्या गावांत घरोघर जाणाऱ्या माणसाचा पगार मात्र बहुतेक वेळा सरकारी अनुदानातूनच निघत आला आहे.