शेतकऱ्यांच्या मुलींची सरकारी उमेदवारी

गंगाखेड तालुक्यांत राणीसावरगांव हें महसूल मंडळाचें गांव आहे. गोदाकांठची सपाट काळी जमीन मागें पडून येथें डोंगरउताराचा मुलूख लागतो. शेती बहुतेक पावसावरची. अशा भागांत एका घराच्या वांट्यास येणाऱ्या जमिनीवर दोन पिढ्यांचा निर्वाह चालणें कठीण, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मुलगा शिकला तर पुण्यामुंबईची वाट धरतो. मुलगी बारावी किंवा पदवीपर्यंत शिकली तरी बहुधा घरींच राहते, व घरचे लोक स्थळ पाहूं लागतात. तिच्या शिक्षणाचा सरकारी सेवेंत उपयोग कसा व्हावा, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

उमेदवारी हा शब्द आतां निवडणुकीपुरता उरला आहे. पूर्वीं कचेरींत शिरूं पाहणारा तरुण कारकुनाशेजारीं बिनपगारी बसून दप्तर लावी, नकला उतरून देई, आणि जागा रिकामी होण्याची आशा धरी, तो उमेदवार. ही जागा वडिलांच्या ओळखीनें मिळे, आणि वडील ती मुलासाठींच मागत.

महाराष्ट्र सरकारनें सन २०२४ मध्यें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तें या उमेदवारीचेंच नवें रूप. अठरा ते पस्तीस वर्षांच्या तरुणतरुणींनीं सहा महिने प्रत्यक्ष काम शिकावें, व त्याबद्दल बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय. टी. आय. किंवा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन थेट बँकेच्या खात्यांत जमा व्हावें, अशी तिची योजना होती. पुढें मुदत वाढवून एकूण अकरा महिने करण्यांत आली. ग्रामपंचायतींतहि उमेदवार घेण्याची सोय ठेवली, ही आमच्या मतें तींतील सर्वांत मोलाची गोष्ट. परगांवीं खोली घेणें किंवा रोज एस. टी.नें जाणेंयेणें, एवढ्यावरच अनेक घरांत मुलीचा विषय संपतो. काम गांवांतच असेल तर तो संपविण्यास कारण उरत नाहीं.

परंतु मुदतीनंतर जागा कायम होईल, असें आश्वासन योजनेंत नव्हतें. अनेकांनीं तशी आशा धरली, आणि सेवेंत कायम करावें म्हणून मोर्चेहि निघाले. ज्याच्याकडून महिनोन्महिने कचेरीचें काम करून घेतलें, त्यास प्रमाणपत्र हातीं देऊन निरोप देणें कोणास गोड वाटेल? तरी मुलीच्या घरच्यांनीं हें विद्यावेतन पगार समजूं नये. खरी मिळकत कामाच्या ओळखींत आहे. आवकजावक नोंद कशी ठेवितात, सातबाऱ्यावर फेरफार कसा चढतो, ग्रामसभेचें इतिवृत्त कसें लिहितात, अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, हें ती शिकली तर वेळ सार्थकीं लागला. तिला नुसत्या झेरॉक्स काढावयास बसविलें असेल, तर बापानें कचेरींत जाऊन तसें स्पष्ट विचारावें. त्यांत संकोच कसला?

आमच्या वाचकांच्या अधिक परिचयाची उमेदवारी कृषिकन्यांची. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. शेतकीच्या पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थ्यांस खेड्यांत जाऊन काम करावें लागतें, व त्यांतील मुलींस लोक कृषिकन्या म्हणतात. ओल्या गोणपाटांत सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवावे, सत्तर उगवले तर बियाणें पेरण्याजोगें समजावें, हें त्या पारावर करून दाखवितात. मातीचा नमुना घेणें आणि बीजप्रक्रियाहि शिकवितात. विशीबाविशीची मुलगी पन्नाशीच्या शेतकऱ्यास बियाण्याविषयीं सांगते तेव्हां पहिल्या दिवशीं थोडें हसूं होतें; उगवण मोजून दाखविली कीं तेंच लोक प्रश्न विचारूं लागतात. शेतकी खात्याच्या गांवपातळीवरील नोकराचें काम याहून फार निराळें नाहीं. त्या परीक्षेस बसणारी अशी मुलगी गांव पाहून आलेली असते.

परीक्षा मात्र कोणास चुकत नाहीं. राज्याच्या नोकरभरतींत तीस टक्के जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत, पण त्याहि गुणानुक्रमानेंच भरतात. कारकुनाच्या जागेस मिनिटास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या टंकलेखनाचें प्रमाणपत्र लागतें. संगणकाची एम. एस.-सी. आय. टी. परीक्षाहि उमेदवारीच्या काळांतच उरकावी.

राहतां राहिला लग्नाचा प्रश्न. सी. बी. मुथम्मा १९४९ सालीं परराष्ट्र सेवेंत दाखल झाल्या, तेव्हां लग्न केल्यास राजीनामा देईन असें त्यांस लिहून द्यावें लागलें. अशा नियमांवर सर्वोच्च न्यायालयानें १९७९ मध्यें कडक ताशेरे ओढले. सरकारानें सोडलेली अट आपल्या घरांत मात्र अजून चालू आहे. ठरलेलें लग्न परीक्षेपर्यंत वर्षभर लांबविलें तर बहुतेक सोयरे ऐकतात. त्यांस आधीं विचारावयास मात्र हवें.

अधिवास, उत्पन्न व जातीचे दाखले उन्हाळ्यांतच काढून ठेवावे. जून लागला कीं शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठीं दाखल्यांची गर्दी उसळते, आणि घरचीं माणसें पेरणींत गुंतल्यामुळें मुलीबरोबर गंगाखेडच्या तहसिलींत जावयास कोणी मोकळें नसतें.