रेजेक्सला झेपेल तेवढंच काम द्या

सोर्स कोडमधून फंक्शनची नावं उचलणारी, कॉमेंट काढून टाकणारी किंवा आवृत्त्यांचे क्रमांक गोळा करणारी एखादी जुनी स्क्रिप्ट बहुतेक टीमकडे असते. सुरुवातीला ती चार ओळींची असते. मग एखाद्या फाइलवर ती अडते. कुणीतरी तिच्यातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे सगळे ज्याला रेजेक्स म्हणतात त्यात, एक प्रश्नचिन्ह वाढवतं, पुढच्या वेळी दुसरं कुणी एक कंस. काही वर्षांनी तिला हात लावायला कुणी धजावत नाही, आणि दोष रेजेक्सच्या माथी येतो. मला तो अन्याय वाटतो. असा गुंता बहुतेक वेळा रेजेक्सविषयीच्या गैरसमजांतून तयार झालेला असतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज असा, की कॉमेंट काढायला एक ओळ पुरे: दोन स्लॅश दिसले की तिथपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं पुसायचं. पॅटर्न //.* एवढाच. पण कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला वेब पत्ता आला की त्यातल्या कोलननंतरचे दोन स्लॅशही कॉमेंट ठरतात आणि अर्धी ओळ कापली जाते. मग लोक "कोलन आधी नसेल तरच" अशी अट जोडतात, तिला अपवाद जोडतात, आणि पॅटर्न फुगत जातो. इथे उपाय उलट्या दिशेचा आहे. जे पुसायचं नाही तेही ओळखायला शिकवा:

"(\\.|[^"\\])*"|//.*

उभ्या रेघेच्या डावीकडे आहे संपूर्ण स्ट्रिंग, उजवीकडे कॉमेंट. शोध डावीकडून उजवीकडे जातो, त्यामुळे स्ट्रिंग आधी सुरू झाली तर ती अख्खी गिळली जाते आणि तिच्या पोटातले स्लॅश कधीच वेगळे दिसत नाहीत. जुळलेला तुकडा अवतरणचिन्हाने सुरू होत असेल तर तो जसाच्या तसा परत ठेवायचा, नसेल तर काढायचा. सी भाषेसाठी एकेरी अवतरणातल्या अक्षरांची आणखी एक शाखा लागते, कारण '"' हेही तिथे वैध असतं. एवढ्या बदलाने अपवादांची बरीचशी रांग गळून पडते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा समज म्हणजे "रेजेक्सने सोर्स कोड वाचताच येत नाही." हेही खरं नाही. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये रेजेक्सची संकल्पना मांडली, केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये तिच्या आधारे मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क व एरिक श्मिट यांनी लेक्स हे साधन लिहिलं. लेक्सचं कामच हे होतं: रेजेक्सच्या यादीवरून कोडचे टोकन पाडणारा प्रोग्रॅम तयार करून देणं. टोकन म्हणजे नाव, आकडा, स्ट्रिंग, चिन्ह असे सुटे तुकडे. त्या तुकड्यांची रचना समजून घेणं, कोणता कंस कोणाचा जोडीदार हे ठरवणं, हे काम पार्सरचं. मूळ अर्थाच्या रेजेक्सला हवं तितकं खोल मोजता येत नाही. काही आधुनिक इंजिनांत पुनरावर्ती पॅटर्नची सोय आहे, पण तो वापरून लिहिलेली स्क्रिप्ट पुढच्या माणसाला वाचायला फार जड जाते. त्यापेक्षा कंसांची मोजणी करणारा साधा व्हेरिएबल ठेवावा. सीमधली /* */ ही कॉमेंट एकात एक बसत नाही, म्हणून ती रेजेक्सने नीट पकडता येते. रस्ट भाषेत ती एकात एक बसते, म्हणून तिथे मोजणी लागते. पायथनची फाइल वाचायची असेल तर पायथनचाच एएसटी मॉड्यूल घ्या. मात्र तो कॉमेंट टाकून देतो. कॉमेंट हव्या असतील तर टोकनाइझ मॉड्यूल वापरा.

"पॅटर्न छोटा म्हणजे वेगवान" हा समज महागात पडलेला आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद होतं. कारण होतं ओळीच्या आजूबाजूची रिकामी जागा कापणारा एक छोटा रेजेक्स. एका पोस्टमधल्या कोडच्या कॉमेंटमध्ये सुमारे २०,००० रिकामी अक्षरं सलग आली होती आणि त्यांच्यानंतर ओळ संपत नव्हती. इंजिन पहिल्या जागेपासून २०,००० अक्षरं चाललं, शेवट सापडला नाही. मग दुसऱ्या जागेपासून १९,९९९, मग तिसऱ्या. बेरीज सुमारे २० कोटी तपासण्यांची होते. उपाय म्हणून त्यांनी रेजेक्स काढून साधं सबस्ट्रिंग फंक्शन बसवलं. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा २७ मिनिटं कोसळली, त्यामागेही लागोपाठ आलेले .* होते. ओळीच्या शेवटची रिकामी जागा कापणारा पॅटर्न तुमच्याही स्क्रिप्टमध्ये असण्याची शक्यता दाट आहे. त्या जागी भाषेतलं तयार ट्रिम फंक्शन वापरा.

"ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं की काम भागतं" हा त्याचाच भाऊबंद. प्रश्नचिन्हामुळे इंजिन कमीत कमी अक्षरांपासून प्रयत्न सुरू करतं, पण जुळणी फसली की पुढे सरकतच राहतं. ".*?" हा पॅटर्न बॅकस्लॅश लावलेल्या आतल्या अवतरणचिन्हापाशीच थांबतो, तो वेगळाच. काय चालणार नाही ते चौकोनी कंसात स्पष्ट लिहिणं अधिक भरवशाचं. पर्यायांचा क्रमही पाहा: पर्ल, पायथन, जावामध्ये =|== असं लिहिलं तर दुहेरी चिन्ह एका टोकनमध्ये कधीच सापडत नाही, कारण पहिला जुळलेला पर्याय जिंकतो. लांब चिन्ह आधी लिहा.

मराठी वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं, आणि पायथन स्वतः ते बरोबर वाचतं. पण त्याच्याच अंगभूत रेजेक्स मॉड्यूलमध्ये "शब्दातलं अक्षर" या अर्थाचं बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रा आणि काने मोजत नाही. 'नाव' या शब्दाचे त्याच्या लेखी 'न' आणि 'व' असे दोन तुकडे होतात. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ'. "युनिकोड आलं, आता सगळं चालतं" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा चालवून पाहावं. देवनागरीसाठी [ऀ-ॿ] अशी कक्षा लिहिता येते, फक्त त्यात दंड आणि अंकही येतात याचं भान हवं. नाहीतर 'रेजेक्स' याच नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं, ते मात्रांना शब्दाचाच भाग मानतं.

आणि रेजेक्स वाचता येत नाही, ही तक्रार? पायथनच्या व्हर्बोज पद्धतीत पॅटर्न अनेक ओळींत मांडता येतो, प्रत्येक तुकड्याशेजारी टीप लिहिता येते, गटांना नावं देता येतात. खरी रिकामी जागा हवी असेल तिथे मात्र बॅकस्लॅश द्यावा लागतो.

स्क्रिप्ट स्वच्छ करायला घेण्याआधी एवढं जरूर करा: सगळ्या फाइलींवर जुनी स्क्रिप्ट चालवा, तिचा निकाल जपून ठेवा, आणि प्रत्येक बदलानंतर नवा निकाल त्याच्याशी ओळीओळीने ताडून पाहा.